जाणाऱ्यांचं गाणं

लांब्या येतोय ही बातमी ठोक्यानं दातांच्या लॅबमध्ये आणली, आणि ती सांगताना त्याच्या तोंडात दात नव्हते. वरची कवळी रुमालात बांधून आणली होती. हिरडीला टोचतेय, जरा घासून दे, हे निमित्त. पण स्टुलावर टेकल्या टेकल्या कवळी राहिली बाजूला, त्यानं आधी बातमीच फोडली, आणि दातांवाचून बोलताना तोंडातून एवढी हवा सुटली की टेबलावरचा स्पिरिटचा दिवा विझला.

भोंगानं दिवा पुन्हा पेटवला, मेणकामाची सुरी त्यावर धरली आणि विचारलं, "कोण लांब्या?"

"आता नाटकं करू नकोस," ठोक्या म्हणाला.

भोंगा ही बाई आहे, हे इथंच सांगितलेलं बरं. साठीला टेकलेली, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधणारी. लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणतात. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांची मापं पाठवतात, त्यावरून ती प्लास्टरचा जबडा ओतते, त्यावर मेणाची हिरडी चढवते आणि मग एकेक दात त्यात रोवत बसते. तिच्या टेबलावर सदानकदा चार-पाच अनोळखी माणसं दात विचकून बसलेली असतात. पण तिचं भोंगा हे नाव दातांच्या आधीच्या काळातलं. विशीत ती एका रॉक बँडमध्ये गायची, आणि माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला पत्ता लागायचा नाही. तेव्हापासून भोंगा आली, भोंगा चिडली, भोंगा जेवली का, असंच चाललंय. तिचं खरं नाव ठोक्याला विचारलं तर त्याला डोकं खाजवावं लागेल.

बँडमध्ये चौघं होते. ठोक्या ड्रम वाजवायचा; दिवसभर वेल्डिंगच्या दुकानात ठोकायचं आणि संध्याकाळी इथं. मास्तर बेस वाजवायचा. शाळेत गणित शिकवायला तो पुढं लागला, पण तेव्हाही बोट उगारल्याशिवाय त्याच्या तोंडून वाक्य निघायचं नाही. गिटार लांब्याची. सराव चालायचा बर्फाच्या कारखान्याच्या माळ्यावर, कारण तिथला पहारेकरी ठोक्याचा काका होता आणि त्याला ऐकू कमी यायचं. माळ्याची जमीन इतकी गार असायची की भर उन्हाळ्यात चौघं स्वेटर घालून प्रेमाची गाणी म्हणायचे. खाली बर्फाचं यंत्र धडधडायचं. त्या आवाजात एक-दोन-तीन-चार कोण म्हणणार आणि कोण ऐकणार? म्हणून त्यांनी आपली एक रीत पाडून घेतली. गायच्या आधी भोंगा श्वास भरायची, तिचे खांदे वर जायचे, आणि ते खाली आले की तिघांनी एकदम वाजवायला लागायचं. बाहेर कार्यक्रमाला यंत्र नसायचं, तरी तसंच. बघणाऱ्यांना वाटायचं काहीतरी जादू आहे. जादू कसली, तिघं पुरुष एका बाईच्या खांद्यांकडे टक लावून बसलेले असायचे.

त्या तिघांतला एक जण खांदे खाली आल्यावरही बघतच राहायचा. हे भोंगाला माहीत होतं.

लांब्याच्या डोक्यात गाव सोडून जायचं होतं. कुठं, ते महिन्याला बदलायचं. स्टुडिओत वायरी जोडीन, जहाजावर वाजवीन, भांडी घाशीन, पण इथं बर्फ होऊन पडणार नाही, असं तो म्हणायचा. भोंगाचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, आई दुसऱ्यांचे कपडे शिवायची, पाठची बहीण शाळेत. भोंगा नुकतीच लॅबमध्ये चिकटली होती आणि प्लास्टर कालवायला शिकत होती. एका संध्याकाळी कारखान्याच्या जिन्यात बसलेले असताना लांब्या बुटाच्या लेसशी खेळत म्हणाला, "तिकडेही लोकांचे दात पडतातच की."

आता हे लग्नाचं विचारणं होतं, हे कुणाही शहाण्या मुलीला कळलं असतं. भोंगालाही कळलं. पण छातीत एवढं धडधडलं की तोंडून निघाली ती थट्टाच. "पडू देत. आधी इकडचे बसवते."

दोघंही हसले. तो जास्त वेळ हसला. आणि हसण्यात ते संपून गेलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि तिलाही, थांब रे, ते मघाचं पुन्हा विचार, असं म्हणता आलं नाही.

मग तिनं गाणं लिहिलं. सरळ 'जाऊ नकोस' म्हणायचं तर कुठल्या हक्कानं? म्हणून प्लास्टर कालवता कालवता तिनं मनात एक म्हातारा उभा केला. आयुष्यभर हिंडून थकलेला, कुठल्यातरी परक्या गावात खाटेवर बसून मागचं आठवणारा. तो म्हातारा म्हणजे लांब्या होता. बघ, जाशील तर असं होईल तुझं, हे तिला त्याला दाखवायचं होतं. ती स्वतः तोवर शेजारच्या गावापलीकडे गेली नव्हती, आणि आठवावं असं तिच्या आयुष्यात अजून काही घडलंही नव्हतं. तरी तिनं साठ वर्षांच्या आठवणी रचल्या.

*बुटांवरची धूळ सांगते, किती गावं चाललो,*
*जिथं जिथं दिवा दिसला, तिथं तिथं थांबलो.*
*आता कुणी नाव पुसलं तर आठवावं लागतं,*
*मागे एक दार आहे, ते अजून जागतं.*

कॉलेजच्या निरोपसमारंभात त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं. भोंगा त्याच्याकडे बघून गायली. शब्दन् शब्द त्याच्यावर रोखून गायली. लांब्यानं डोळे मिटले होते. मधल्या जागी त्यानं असं काही वाजवलं की मास्तरचं बोट आपोआप वर गेलं. गाणं संपलं, सभागृह दणाणलं, आणि पडद्यामागं आल्यावर लांब्यानं घामानं भिजलेल्या हातांनी तिचे दोन्ही खांदे धरले. "भोंगे," तो म्हणाला, "आता मला कुणी अडवू शकत नाही."

महिन्याच्या आत तो गेला.

धूळ म्हणताना तिच्या डोळ्यापुढं खोकला होता आणि त्याच्या डोळ्यापुढं सिनेमा. परकी गावं, लागलेले दिवे, नाव विसरलेला माणूस. हे सगळं तिनं त्याला भ्यावं म्हणून लिहिलं आणि ते इतकं छान उतरलं की त्याला राहवेना. बरं, तो एकटाच गेला असता तर नशीब म्हणून गप्प बसता आलं असतं. पण कुणीतरी त्या समारंभाची कॅसेट केली होती. पुढच्या वर्षीच्या मुलांनी निरोपाला तेच गाणं म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षीच्यांनीही. मग नोकरीला निघालेले, लग्न करून निघालेल्या, परदेशी निघालेले, सगळे तेच गात निघायला लागले. गावातल्या दोन पिढ्या भोंगाच्या गाण्यावर गावाबाहेर गेल्या. पाठच्या बहिणीची, धाकटीची मुलगी, म्हणजे भोंगानं अंगाखांद्यावर वाढवलेली भाची, शिकायला दूर निघाली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी फाटकात उभं राहून हेच गाणं लावलं. भोंगा जिन्यात उभी होती. तिनं त्या मुलींना दुसऱ्या ओळीतला सूर चुकतोय तेवढं दाखवून दिलं. दुसरं काय करणार?

बँड मोडला. ठोक्यानं लोखंडी सामानाचं दुकान टाकलं, मास्तर शाळेत गेला. भोंगाचे वडील वारले, मग आई. स्थळं आली आणि गेली. एकदा तर एक दातांचे डॉक्टरच आले होते, पण ते सगळ्या चहाभर तिच्याशी जबड्यांबद्दलच बोलले. लांब्याचा फोन नव्या वर्षाला यायचा. त्याचं तिकडे लग्न झालं, एक मुलगा झाला, पुढं लग्न मोडलं; मुलगा त्याच्याशी तिकडच्या भाषेत बोलायचा. स्टुडिओत वायरी जोडता जोडता आता त्यानं वाद्यदुरुस्तीचं छोटं दुकान काढलं होतं. हल्ली चौघांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मास्तर त्यावर रोज सकाळी सुविचार टाकायचा आणि उरलेले तिघं ते न वाचता अंगठे दाखवायचे.

तर आता कॉलेजला पन्नास वर्षं होत होती. कॉलेजवाल्यांना जुना बँड हवा होता आणि ते गाणं हवं होतं. लांब्यानं हो म्हटलं होतं. दोन आठवड्यांसाठी येतोय, ठोक्यानं सांगितलं, आणि कवळी पुढं केली. भोंगानं ती उजेडात धरून आतून बोट फिरवलं. "कुठं टोचतं?" तिनं विचारलं. ठोक्या तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला की ते तूच सांग.

घरी धाकटीला बातमी आधीच लागली होती. ती खालच्या मजल्यावर नवऱ्याबरोबर राहते आणि वरच्या मजल्यावर काय शिजतंय ते तिला वासानं कळतं. भोंगा चपला काढते न काढते तोच ती वर आली.

"केस रंगवायचे का?" धाकटीनं विचारलं.

"गाण्यात केस पिकले म्हणायचंय. रंगवून कसं चालेल?"

"त्याला सांगणार आहेस?"

"काय सांगणार?"

"मला वेडी समजू नकोस, ताई. मी तेव्हा लहान होते, बहिरी नव्हते."

भोंगा पाणी प्यायली, तिनं पेला धुतला, पुसला, जागेवर ठेवला. मग तिनं धाकटीला सांगितलं की आता त्याला ठेवून घ्यायचं वय नाही आणि ठेवून घेऊन करायचं तरी काय, दोघांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत बसायचं? तसलं काही तिच्या मनात नव्हतं. निदान धाकटीला तिनं तसं सांगितलं. पण एक गोष्ट तिला हवी होती. ज्या एका माणसासाठी ते गाणं लिहिलं होतं, त्यानं ते एकदा तरी बरोबर ऐकावं. आख्खा गाव चुकीचं ऐको, तिची तक्रार नव्हती. त्यानं चुकीचं ऐकलेलं मात्र तिच्या घशात एवढी वर्षं अडकून होतं, आणि ते तसंच घेऊन मरायची तिची तयारी नव्हती.

"मग सांग," धाकटी म्हणाली.

"त्याला वाईट वाटलं तर?"

"वाटू दे की थोडं. सगळं वाईट तूच वाटून घ्यायचं, असं ठरलंय का?"

बर्फाचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, म्हणून सराव ठोक्याच्या गोदामात ठेवला. पत्र्यांच्या थप्प्या, पाइपांचे भारे, गंजाचा वास. भोंगा पोचली तेव्हा मास्तर कानातलं मशीन काढून फुंकर मारत होता आणि ठोक्या ड्रमचे स्क्रू आवळत होता. लांब्या पाइपांपाशी पाठमोरा उभा होता. तो वळला आणि भोंगाला आधी वाटलं, हा कुणी दुसराच. लांब्या आखूड झाला होता. पाठ वाकली होती, डोक्यावर विरळ पांढरं, आणि गळ्यातली गिटार त्याला मोठ्या भावाची असावी तशी दिसत होती. मग तो हसला, आणि तिची नजर सवयीनं जिथं जायची तिथं गेली.

"पुढचा दात कुणी बसवला हा?" ती म्हणाली. "बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे."

इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मास्तरनं कपाळाला हात लावला. लांब्यानं जिभेनं दात चाचपला.

"म्हटलं होतं ना," तो म्हणाला, "तिकडेही पडतात."

भोंगानं पर्समधून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पर्समध्ये ठेवला. म्हणजे जिना त्याच्या लक्षात होता.

त्याचं बोलणं ऐकून ठोक्या खिदळत होता. लांब्याच्या तोंडी सगळे तेव्हाचेच शब्द होते. तेव्हा पोरं एकमेकांना ज्या शिव्या द्यायची त्या आता कुणाच्या आठवणीतही नव्हत्या, आणि हा त्या ताज्या असल्यासारख्या हासडत होता. बोलायला कुणी नव्हतं तिकडे, तो म्हणाला, म्हणून जे नेलं होतं तेच पुरवून पुरवून वापरलं.

ठोक्यानं कवळी काढून डबीत ठेवली, कारण ड्रमच्या दणक्यानं ती तोंडात वाजायची आणि मास्तरच्या मते बेतालात वाजायची. सगळे जागेवर गेले. कुणी काही ठरवलं नाही. भोंगानं श्वास भरला. तिघांची डोकी वर झाली, आणि खांदे खाली आल्याबरोबर गोदामातले पत्रे थरारले. अर्ध्यातच मास्तर चुकला, ठोक्याला धाप लागली, ते थांबले, हसले, पुन्हा सुरू केलं. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. वरच्या जागी तो फाटत होता, पण फाटला तरी भोंगा सोडत नव्हती. शेवटचं कडवं आलं.

*केस पिकले, खिशामध्ये वाटा सगळ्या चुरगळल्या,*
*ज्या खिडकीशी थांबलो नाही, तिच्याच काचा आठवल्या.*

संपल्यावर ठोक्या आणि मास्तर चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. चहा सांगायला दोन माणसं लागत नाहीत, पण गेले. लांब्या पाइपांच्या भाऱ्यावर बसला.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "हे गाणं नसतं तर मी तिकडे टिकलो नसतो."

भोंगा उभीच राहिली. तो सांगत होता. सुरुवातीची ती खोली, तिच्यात सहा जण, एक खिडकी आणि तीही भिंतीवर उघडणारी. परत यावंसं फार वाटायचं. एकदा तर तिकीटसुद्धा काढलं होतं. अशा वेळी तो हे गाणं म्हणायचा. सगळं, पहिल्यापासून. म्हणून झालं की वाटायचं, गावी जाऊन आलो. मग पुन्हा कामाला लागायचा; ते तिकीटही असंच परत केलं. पुढंही, बायको सोडून गेली तेव्हा, मुलगा फोन उचलेनासा झाला तेव्हा, असंच. परत यायची हुक्की आली की हे गायचं आणि भागवायचं. "तुला एवढ्या लहानपणी कसं कळलं गं," त्यानं विचारलं, "की जाणाऱ्याला असं वाटतं?"

गाण्यानं तो गेला, एवढं भोंगाला माहीत होतं. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा तो परत यायला निघाला, तेव्हा तेव्हा याच गाण्यानं त्याला तिथं धरून ठेवलं, हे नव्हतं माहीत. तिनं शेजारचा रिकामा डबा उपडा केला आणि त्यावर बसली.

"मला नव्हतं कळलं काही," ती म्हणाली. "मी ते तुला थांबवायला लिहिलं होतं."

लांब्याचा हात तारांवर होता. तो तिथंच राहिला.

"थांबवायला?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

बाहेर कुणीतरी ट्रकमधून सळ्या उतरवत होतं, त्याचा खणखणाट येत होता. मग त्यानं फार हळू विचारलं, "मग सांगायचं नाहीस?"

"सांगतच होते की," भोंगा म्हणाली. "ड्रमसकट."

त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यावर मोडलं आणि त्याचं भलतंच काहीतरी झालं. त्यानं तोंड वळवलं. भोंगाला वाटलं, जवळ जावं, त्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवावा. तेवढ्यात चहा आला. चहावाल्यामागून ठोक्या आणि मास्तर आले, आणि मास्तरनं बोट उगारून सांगितलं की दुसऱ्या कडव्यात सगळे घाई करतायत. लांब्यानं चहा घेतला नाही. गिटार पेटीत घातली, उद्या येतो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर मास्तरनं सुविचार टाकला, त्याला दोनच अंगठे आले. भोंगा लॅबमध्ये एका बाईची खालची कवळी लावत होती आणि तिनं तीनदा तोच दात उलटा बसवला. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली म्हणाली की ताई, बरं नसेल तर घरी जा. घरी धाकटी बसली होती. भोंगानं तिला सांगितलं की जे सांगायचं ते सांगून झालं आणि आता तो लवकरच्या तिकिटाची चौकशी करत असेल. धाकटीनं एवढंच विचारलं, सांगितल्यावर हलकं वाटतंय का? भोंगानं विचार केला. हलकं वाटत होतं, पण मोठा दात काढल्यावर तिथं वाटतं तसं. जीभ सारखी तिथंच जात होती.

कार्यक्रमाच्या दुपारी लांब्या आला. इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. सरळ मंचावर गेला आणि तारा जुळवायला लागला. सभागृह खच्चून भरलं होतं; पुढं पाहुणे आणि जुने प्राध्यापक, त्यांच्यामागं यंदा बाहेर पडणारी मुलं. ठोक्यानं भोंगाकडे बघून भुवई उडवली. भोंगानं त्याला कवळी काढ अशी खूण केली.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं ओळख करून दिली. जग पालथं घालून, वाटेवरचे अनुभव वेचून ज्यांनी हे अजरामर गाणं लिहिलं, असं ती म्हणाली, आणि हात भोंगाकडे केला. दातांचं सामान आणायला शेजारच्या गावी जाण्यापलीकडे जग न पाहिलेल्या भोंगानं मान लववली.

आधी एक जुनं पळतं गाणं होतं, हात मोकळे व्हायला. ते बरं झालं. लांब्या चांगलं वाजवत होता, पण मान खाली घालून. टाळ्या पडल्या. आता ते गाणं. पोरांनी आधीच हात वर केले, मोबाइल बाहेर काढले.

तेवढ्यात लांब्यानं गिटारची वायर काढली. गिटार उतरवली, स्टँडवर ठेवली, आणि बाजूच्या पायऱ्यांवरून सावकाश, एकेक पाय जपत, मंचाखाली उतरला.

"हा कुठं निघाला?" मास्तरनं विचारलं.

"प्रोस्टेट असेल," ठोक्या म्हणाला.

पण लांब्या दाराकडे गेला नाही. मधल्या रांगेशी थांबला, एका मुलाला काहीतरी म्हणाला. मुलगा सरकला, आणि लांब्या तिथं खुर्चीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आणि वर, मंचाकडे, बघितलं. डोळे उघडे होते.

ऐकायला बसलाय, हे भोंगाला कळलं. बाकी कुणालाच कळलं नाही. मास्तर हळू आवाजात विचारत होता की गिटारशिवाय कसं करायचं, मधल्या जागी काय करायचं, हा काय पोरखेळ आहे. भोंगानं श्वास भरला, आणि दोघांना वाजवायला लागावंच लागलं.

ती त्याच्याकडे बघून गायली. बुटांवरची धूळ, परकी गावं, लागलेले दिवे. गिटार नसल्यामुळे गाणं उघडं पडलं होतं. शब्द एकेक सुटा ऐकू येत होता, आवाजाच्या चिरा दिसत होत्या. पोरांना त्याचं काही नव्हतं. ती उभं राहून, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, भोंगाच्याही वरच्या पट्टीत गात होती. त्यांच्यासाठी ते नेहमीसारखं जायचं गाणं होतं. त्यांचे चेहरे असे फुलले होते की सामान बांधून बाहेर ठेवलेलं असावं. त्यांच्या मधे एकच माणूस बसलेला होता, आणि ओळीमागून ओळ त्याच्या चेहऱ्यावर जाऊन पडताना भोंगाला दिसत होती. आता कुणी नाव पुसलं तर. इथं त्यानं मान हलवली, अगदी थोडी. त्याला कुणी विचारलं होतं आणि तो आत्ता उत्तर देत होता, तशी.

मधली जागा आली. गिटारची जागा. मास्तरनं तीन सूर धरून ठेवले, ठोक्यानं हात हलका केला. भोंगा काही म्हणू शकली असती, पण तिनं ती जागा रिकामी जाऊ दिली. ती उभी राहिली, तो बसून राहिला, आणि त्यांच्यामधे नुसते ठोके चालले होते. किती वेळ, कुणास ठाऊक. तिच्या मनात जिना येऊन गेला, त्याच्या बुटाची लेस, आणि तिनं तेव्हा सरळ उत्तर दिलं असतं तर आज कुठल्या भाषेत कुणाशी भांडत असते, हेही येऊन गेलं. मग ठोक्यानं घसा खाकरला, म्हणजे बाई, पुढं चला.

शेवटचं कडवं ती म्हणाली. केस पिकले. हे म्हणताना एरवी तिला त्या शब्दांमागं एक विशीतली मुलगी दिसायची, प्लास्टर कालवत बसलेली, काही माहीत नसलेली. आज दिसली नाही. आज केस पिकलेल्या बाईनं केस पिकलेल्या माणसाला ते सांगितलं, एवढंच. खिडकीच्या काचांशी आवाज फाटला आणि तिनं तो तसाच शेवटपर्यंत नेला.

गाणं थांबलं, आणि मग जे काही उरलेले बसले होते, पाहुणे, जुने प्राध्यापक, दाराशी उभ्या असलेल्या मुलांच्या आया, तेही सगळे उठले. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. मास्तर डोळे पुसत होता आणि कानातलं मशीन शिट्टी मारतंय म्हणून चिडतही होता. ठोक्या बिनदातांचा हसत होता.

भोंगानं मधली रांग शोधली. सगळीकडे उभी माणसं, वर केलेले हात, पाठी, मोबाइल. लांब्या दिसेना. ती टाचा उंचावून डावीकडून बघू लागली, मग उजवीकडून. तो सरकलेला मुलगा तिला सापडला, त्याच्या मागे खुर्चीची एक कड दिसली, आणि त्या कडेवर इस्त्रीच्या शर्टाची बाही. तो उठला नव्हता. एवढ्या सगळ्या सभागृहात तो एकटा बसून राहिला होता, म्हणूनच दिसत नव्हता.

सूत्रसंचालन करणारी मुलगी जवळ येऊन विचारत होती की मॅडम, दोन शब्द बोलाल का. भोंगानं मानेनंच नको म्हटलं आणि माइक हातात धरून माणसं खाली बसायची वाट बघत राहिली.